पेट्रोलला चिखलाचं वावडं नाही

महिंद्राची पाच दारांची थार रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आली, तेव्हा तिच्या किमतीची, काचेच्या छताची आणि मागच्या सीटवरच्या जागेची भरपूर चर्चा झाली. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटली. रॉक्सचं पेट्रोल इंजिन घेतलं की फोर बाय फोर मिळत नाही. चारही चाकांना जोर हवा असेल तर डिझेलच घ्यावं लागतं. पेट्रोल शहरासाठी आणि डिझेल डोंगरासाठी, ही वाटणी कारखान्यातच करून टाकलेली आहे.

ही वाटणी आता कालबाह्य झाली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी एकट्यानं मांडण्यापेक्षा ज्यांचे हात रोज इंजिनात असतात त्या दोघांचं, एका मामा-भाचीचं, बोलणं पुढे ठेवतो. मामांचं घोटीजवळ गॅरेज आहे. इगतपुरीला महिंद्राचा इंजिनाचा कारखाना असल्यामुळे त्या भागात जीप आणि बोलेरोचं इंजिन खोलणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले, त्यांतले ते एक. भाची इंजिनिअर, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात इंजिन कॅलिब्रेशनचं काम करते. म्हणजे पेट्रोल किती, ठिणगी कधी, टर्बोचा दाब केवढा, हे संगणकात बसवायचं काम. एरवी मामांसमोर ती आवाज चढवत नाही. इंजिनाच्या विषयात मात्र माघार घेत नाही. (दोघांच्या बोलण्यात येणारी लो-रेंज म्हणजे वेग कमी करून चाकांचा जोर वाढवणारी गिअरची जोडी.)

मामा : आधी एवढं सांग. दगडाची चढण आहे, लो-रेंज टाकलीय, पहिला गिअर आहे. डिझेलला काय करावं लागतं? क्लच सोडायचा आणि पाय बाजूला ठेवायचा. गाडी आपली आपण चढते. पेट्रोलला रेस द्यावी लागते. रेस दिली की चाक फिरतं, चाक फिरलं की खड्डा पडतो, आणि मग दोर घेऊन मला बोलावतात.

भाची : हे जिप्सीच्या जमान्यात खरं होतं, मामा. जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन १०३ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं, तोही ४५०० आरपीएमला. जोर हवा तर इंजिन पिळावंच लागायचं. आजच्या जिम्नीचं गणितही फार वेगळं नाही. १३४ न्यूटन-मीटर, ४००० आरपीएमला. पण तुमच्या गॅरेजसमोरून रोज जाणारी थार बघा ना. तिचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर, ३०० न्यूटन-मीटर देतं आणि ते १२५० आरपीएमपासून. त्याच थारचं २.२ लिटरचं डिझेलसुद्धा ३००च देतं, पण १६०० पासून. आता सांगा, खालच्या आरपीएमला आधी कोण ओढतं?

मामा : कागदावर पेट्रोल.

भाची : डायनोवरसुद्धा. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, टर्बो लवकर जागा होतो. वीस वर्षांपूर्वी आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत हे सहसा नसायचं, म्हणून तुमचा अनुभव तसा आहे.

मामा : बरं, बाराशेला जोर आला, मान्य. आता दगडावर ये. दगडावर गाडी बाराशेला नसते, बाळा. आठशे-नऊशेला असते. तिथं टर्बो झोपलेला असतो. टर्बो काढून टाकला तर तुझं दोन लिटर पेट्रोल उरलं किती? डिझेलचं कॉम्प्रेशन मोठं, फ्लायव्हील जड. ते बैलासारखं मान खाली घालून ओढत राहतं. तुझं पेट्रोल तिथं आचका देऊन बंद पडतं.

इथे भाची थोडी थांबली, कारण मामांचा मुद्दा बिनतोड आहे. टर्बो पेट्रोलची खरी दुबळी जागा आयडलिंग आणि बाराशे आरपीएम यांच्यामधल्या त्या अरुंद पट्ट्यात आहे. हमरस्त्यावर तो पट्टा अर्ध्या सेकंदात ओलांडला जातो. दगडावर, ओढ्यात, ओल्या मुरमावर गाडी अख्खा वेळ त्याच पट्ट्यात असते. आणि माइल्ड हायब्रिडचा, म्हणजे इंजिनाला विजेच्या छोट्या मोटरची जोड देण्याचा, विषय निघतो तो नेमका इथेच.

भाची : म्हणून तर मी ४८ व्होल्टचं म्हणते. त्यात अल्टरनेटरच्या जागी एक मोटर-जनरेटर बसतो. बेल्टनं क्रँकशी जोडलेला. ब्रेक लावला की वीज बनवतो, आणि इंजिनाला गरज पडली की तीच वीज वापरून क्रँकला ढकलतो. विजेच्या मोटरला जोर द्यायला आरपीएम लागत नाही. टर्बो झोपलेला असतो तेव्हाच ती जागी असते.

मामा : मारुतीत असतं तसं? ते स्मार्ट हायब्रिड? ते तर सिग्नलला गाडी बंद करतं आणि चालू करतं, आणखी काय करतं?

भाची : ते १२ व्होल्टचं, जीव लहान. ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपमध्ये पेट्रोल आहे, माइल्ड हायब्रिड आहे, चारही चाकांना जोर आहे. पण लो-रेंज नाही, म्हणून ती गाडी आपल्या वादात येत नाही. तुम्ही टोयोटाची हायलक्स बघा. इंजिन डिझेलचं आहे, पण मुद्दा तोच. त्यांनी ४८ व्होल्टचा जो मोटर-जनरेटर बसवला तो १२ किलोवॉटचा आहे, ६५ न्यूटन-मीटर देतो. बॅटरी मागच्या सीटखाली, साडेसात किलोच्या आसपास. मायलेज साधारण ५ टक्के सुधारतं म्हणतात. पण मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. इंजिनाचं आयडलिंग त्यांनी ७२० वरून ६०० वर आणलं.

मामा : सहाशे? थरथरत नाही?

भाची : मोटर सांभाळून घेते ना. आयडलिंग सहाशेवर आलं म्हणजे लो-रेंजमध्ये पहिल्या गिअरला गाडी आणखी सावकाश चालते. तुम्ही म्हणता तसं, क्लच सोडायचा आणि पाय बाजूला. उतारावरही तेच. डिझेलला हे जमलं, तर ज्याला त्याची खरी गरज आहे त्या पेट्रोलला का जमू नये?

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म या ६०० च्या आकड्यात आहे. माइल्ड हायब्रिड म्हटलं की आपल्याकडे मायलेज विचारतात, आणि पाच टक्के ऐकून नाक मुरडतात. शहरात वापरायच्या गाडीला तो हिशेब ठीक आहे. डोंगरात जाणाऱ्यानं मात्र विचारायला हवं, की सर्वांत कमी वेगाला, इंजिन बंद न पडता, चाक न घसरता ही गाडी किती हळू चालू शकते? त्या प्रश्नाला ही छोटी मोटर चांगलं उत्तर देते. कंपन्या मात्र जाहिरातीत मायलेजच सांगत बसतात.

मामा उठले आणि फळीवरून एक जुना अल्टरनेटर घेऊन आले. मुळशीकडच्या एका पावसाळी ट्रेलवरून आलेल्या गाडीचा. पुलीच्या खाचांत लाल माती सिमेंटसारखी घट्ट बसलेली, मागच्या जाळीतून आत शिरून तांब्याच्या तारांवर वाळलेली. बेअरिंग हातानं फिरवलं की खरखर ऐकू येत होती.

मामा : हे बघ. हा साधा १२ व्होल्टचा. लाल चिखल पुलीत बसला की बेल्ट ओरडायला लागतो, मग घसरतो, मग तुटतो. हा मी पाण्यानं धुतो, बेअरिंग टाकतो, गाडी संध्याकाळी परत देतो. तुझा तो ४८ व्होल्टचा असाच चिखलात गेला तर? जव्हारला कोण उघडणार? मोखाड्याला कोण उघडणार? गाडी उचलून नाशिकला न्यायची, तिथून पार्ट मागवायचा, तोवर माणसानं पायी हिंडायचं?

भाची : हायलक्समध्ये तो इंजिनाच्या वरच्या बाजूला बसवलाय, पाणी शिरू नये असा बंद केलाय. ७०० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता त्यांनी तशीच राखली. म्हणजे रचना करता येते. दुरुस्तीचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. ते आमच्या हातात नाही, कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांच्या हातात आहे, आणि तालुक्याच्या गावी ते आज पोहोचलेले नाहीत.

मामा : मग?

भाची : मग मी तुम्हाला तुमच्याच फळीवरची दुसरी वस्तू दाखवते.

ती वस्तू म्हणजे डिझेलचा डीपीएफ, धुराड्यातली काजळी धरून ठेवणारा फिल्टर. आत सिरॅमिकच्या बारीक चौकोनी नळ्या असतात, त्या काजळीनं लिंपून काळ्याठिक्कर झालेल्या. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांत हा असतो. साठलेली काजळी जाळायला धुराड्यात ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. हमरस्त्यावर अर्धा तास गाडी पळवली की ती मिळते. लो-रेंजमध्ये ताशी चार किलोमीटरनं दिवसभर दगड चढणाऱ्या गाडीला ती मिळत नाही. काजळी साठते, दिवा लागतो, शेवटी गाडीची ताकद आपोआप कमी होते.

भाची : ज्या हळू चालण्यासाठी तुम्ही डिझेल निवडता, त्याच हळू चालण्यानं आजचं डिझेल आजारी पडतं. आणि डीपीएफ ही नुसती हळू चालणाऱ्यांचीच डोकेदुखी नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०२० दरम्यान विकलेल्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर, मिळून २ लाख ६४ हजार गाड्यांच्या डीपीएफबद्दल खटला चालला, आणि २०२२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं निकाल ग्राहकांच्या बाजूनं दिला. ते तर डिझेल आणि फोर बाय फोरचं माहेरघर. आणि वाळलेल्या गवतात गाडी उभी करून काजळी जाळायला घेतली तर वणवा लागायची भीती वेगळीच.

मामा : माझ्या जुन्या एमएम ५४० जीपला हे काही नव्हतं.

भाची : नव्हतं, आणि पुन्हा ते दिवस येणार नाहीत. तुम्ही एमएम ५४०च्या पूजोच्या डिझेलची तुलना आजच्या पेट्रोलशी करता. तुलना आजच्या डिझेलशी करा. त्यात डीपीएफ आहे, काही गाड्यांत युरियाची टाकी आहे, इंजेक्टर इतके नाजूक आहेत की थोड्या भेसळीनं जातात. जव्हारला ते तरी कोण उघडतं?

यावर मामा काही बोलले नाहीत. मला इथे एक जुनी गोष्ट आठवते, कारण ती बरेच जण विसरले आहेत. जीप जन्मली ती पेट्रोलवरच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपमध्ये २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली, तीही पेट्रोलची. डिझेल नंतर आलं, आणि ते चिखलात सरस ठरलं म्हणून आलं नाही; स्वस्त होतं म्हणून आलं. लष्करानंसुद्धा कित्येक वर्षं जिप्सी वापरली, आणि ती पेट्रोलवर चालायची. गोव्यात २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज ही फोर बाय फोर गाड्यांची स्पर्धा सुरू झाली, भर पावसात, त्या लाल चिखलातही जिप्सीवर बांधलेल्या गाड्यांनी नाव काढलं आहे.

मामा : पाण्याचं बोल. जुनी पेट्रोल जीप ओढ्यात गेली की डिस्ट्रिब्युटरची टोपी ओली व्हायची आणि तिथंच बसायची. किती गाड्या ओढल्यात मी!

भाची : आता डिस्ट्रिब्युटरच नाही. प्रत्येक प्लगवर स्वतःची बंद कॉइल. आता दोघांचाही शत्रू एकच, हवेच्या वाटेनं इंजिनात शिरणारं पाणी. त्यात डिझेलचं कॉम्प्रेशन मोठं, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकायची भीती उलट जास्त.

मामा : आणि लडाख? आमच्याकडची पोरं दरवर्षी जातात.

भाची : टर्बो नसलेलं पेट्रोल तिथं दमतं, हे खरं. खारदुंगला ५३५९ मीटरवर हवेचा दाब जवळपास निम्मा असतो, तिथं जिम्नीची ताकदही तशीच उतरते. टर्बो असला की बरंचसं भरून निघतं. पण हिवाळ्यात डिझेल टाकीतच गोठायला लागतं, त्याचं काय? लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल इंडियन ऑइलला २०१९ मध्ये काढावं लागलं. पेट्रोलला ती अडचण नाही.

मामा : एवढं सगळं असताना कंपनी रॉक्सला पेट्रोल फोर बाय फोर का देत नाही मग? त्यांना कळत नाही का?

हा प्रश्न मामांनी विचारला म्हणून बरं झालं, कारण त्याचं उत्तर इंजिनात सापडत नाही. माझ्या मते ते बरंचसं सरकारी कागदात आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, आणि काही आठवड्यांतच महिंद्रानं १.९९ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन काढलं. ही बंदी ऑगस्ट २०१६ मध्ये उठली. तेवढ्या काळात इंजिनाचा आकार कारखान्याऐवजी कोर्टाच्या आदेशानं ठरला. युरोपात २०२० पासून कंपनीच्या सर्व मोटारींची सरासरी किलोमीटरला ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास ठेवायचा नियम आला. चार सीटांच्या पेट्रोल जिम्नीला तिथून काढता पाय घ्यावा लागला. मागची सीट काढून, मालवाहू गाडी म्हणून ती परत आली. गाडी तीच, इंजिन तेच. फक्त कागद बदलला. गिऱ्हाईक नव्हतं असंही नाही. गुरुग्रामला बनणारी पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानात गेली, आणि चार दिवसांत ५० हजारांच्या आसपास मागण्या येऊन सुझुकीला नोंदणी बंद करावी लागली. तीही पेट्रोलचीच.

आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतची गाडी १८ टक्क्यांत. बाकीच्या पेट्रोल-डिझेल मोटारी ४० टक्क्यांत. १.५ लिटर डिझेलची, फक्त मागच्या चाकांना जोर असलेली थार १८ टक्क्यांत बसते. जिम्नी लांबीला चार मीटरच्या आत असूनही तिचं पेट्रोल १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत. खऱ्या लो-रेंजच्या गाडीवर जास्त कर, आणि जिचं फक्त रूप जीपचं तिच्यावर कमी. हे मला मुळीच पटत नाही.

मामा : कराचं जाऊ दे. मी तुला माझ्या गिऱ्हाइकाचं सांगतो. वाडीवर राहणारा माणूस, मागं दोन पोती खत, वर चार माणसं, महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर. त्याला तुझ्या सहाशे आरपीएमचं कौतुक नाही. लिटरला किती जाते, एवढंच त्याला विचारायचं असतं. लो-रेंजमध्ये पेट्रोल थार किती पिते ते तुला माहीत आहे.

भाची : त्याला मी पेट्रोल घ्या म्हणणारच नाही. एका लिटर डिझेलमध्ये ऊर्जाच जास्त असते, त्यात इंजिनाची कार्यक्षमता जास्त. वजन, लांब पल्ला आणि रोजचं काम असेल तर डिझेलच. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे मायलेज आणखी थोडं खाली. आणि कॅनमध्ये पेट्रोल भरून डोंगरात नेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की इथेनॉल पाणी ओढतं. झाकण सैल असलेला कॅन पावसाळाभर ठेवून द्यायचा नाही.

मामा : पण ऊसवाल्यांचं भलं होतंय त्यात.

भाची : होतंय, आणि टर्बो इंजिनाचंही होतंय. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं, इंजिन ठोकत नाही, त्यामुळे दाब वाढवता येतो. इंजिन त्यासाठी पहिल्यापासून बनवलं तर ती जमेची बाजू आहे. मामा, माझं म्हणणं एवढंच की तुमचा वाडीवरचा माणूस आणि पुण्यातून शनिवारी निघणारा माणूस, दोघांना एकच इंजिन देऊ नका. शनिवारवाला पाच दिवस गाडी दोन किलोमीटर चालवतो, सहाव्या दिवशी दगडावर नेतो. डीपीएफ तुंबवायला यापेक्षा चांगला मार्ग नाही.

मामा : मग त्याला काय देशील?

भाची : महिंद्राच्याच एक्सयूव्ही थ्री एक्सओमध्ये १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल आहे, २३० न्यूटन-मीटर देतं. जिम्नीच्या पावणेदोनपट. त्याला ४८ व्होल्टची मोटर जोडायची, खाली लो-रेंजचा ट्रान्सफर केस, गाडी चार मीटरच्या आत. १८ टक्के कर.

मामा : ते इंजिन आडवं बसतं. जीपला उभं लागतं.

भाची : थारचं दोन लिटरचं पेट्रोल एक्सयूव्ही ७०० मध्ये आडवंच बसवलं, थारमध्ये उभं. एकदा केलंय त्यांनी.

मामा : (बराच वेळ विचार करून) मोटर वर बसवा. बेल्टला झाकण द्या, पण चिखल पडून जाईल असं खालून उघडं. आणि मोटर बिघडली तरी गाडी नुसत्या पेट्रोलवर घरी आली पाहिजे. तेवढं केलंत तर मी हात लावीन.

मामांच्या या तीन अटी मला कुठल्याही तपशीलपत्रकापेक्षा मोलाच्या वाटतात. पैसेवाल्यांसाठी हे सगळं आजही आहे. डिफेंडरच्या तीन लिटर पेट्रोलमध्ये ४८ व्होल्टची प्रणाली आणि लो-रेंज दोन्ही आहेत. पुण्यात बनणाऱ्या पेट्रोल रेंज रोव्हरमध्येही माइल्ड हायब्रिड आहे. तंत्र आपल्या दारात येऊन थांबलंय, पण सामान्य माणसाच्या किमतीत ते उतरवायला कुणी तयार नाही. बॅटरीवरच्या फोर बाय फोर येतील, येत आहेतही. पण सह्याद्रीच्या आडवळणाच्या वाडीवर चार्जिंग पोहोचेपर्यंत बराच काळ जाणार आहे, आणि तोवरची वर्षं फक्त डिझेलच्या नावे लिहून द्यायचं कारण मला दिसत नाही.

सरकारकडे माझी मागणी आहे, की ज्या गाडीला लो-रेंज आहे तिच्या करासाठी पेट्रोलची मर्यादा १२०० वरून डिझेलइतकी, म्हणजे १५०० सीसी करावी. आणि वाचकहो, तुम्ही पुढच्या वेळी थार किंवा जिम्नी बघायला शोरूममध्ये जाल, तेव्हा मायलेज आणि सनरूफ विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा : लो-रेंज आणि ४८ व्होल्टची मोटर असलेलं टर्बो पेट्रोल फोर बाय फोर आहे का? नाही म्हणाले तर तुमची मागणी त्यांच्या वहीत लेखी नोंदवूनच बाहेर पडा.